पिवळ्या विटेचं चित्र

पंचफुलाचा एक नियम होता आणि त्या नियमापायी सगळं ऑफिस तिच्यावर वैतागलेलं असे. वस्तू टेबलावर समोर असल्याशिवाय ती तिचा रंग कागदाला लावत नसे. काळा दगड दाखवायचा असला की आधी दगड आणा. सागवानाचं दार असलं की सागवानाची फळी आणा, आणि ती सेमाडोहच्या जंगलातली असेल तर फारच छान. एकदा पत्र्याच्या छपरासाठी तिने पत्र्याचा तुकडा मागितला, आणि तोही नवा नको, दोन उन्हाळे सोसलेला पाहिजे म्हणाली. लोक कपाळाला हात लावत. पण चित्र पुरं झालं की तेच लोक गुपचूप कागदावरून बोट फिरवून पाहत, हा दगड खरंच खरखरीत लागतो की काय!

ही गोष्ट १९६३ सालची, अमरावतीची. अंबा गेटजवळ पाठक साहेबांचं ऑफिस होतं. साहेब आर्किटेक्ट, मूळचे पुण्याचे. पंचफुला त्यांच्याकडे ट्रेसर म्हणून लागली, म्हणजे नकाशावर पातळ कापड टाकून रेघ न् रेघ गिरवायची. वर्षभरात साहेबांच्या लक्षात आलं की ही मुलगी रंगाला हात घालते तेव्हा कागदावर भिंत उभी राहते. तेव्हापासून इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल हे दाखवणारी रंगीत चित्रं तिच्याकडे येऊ लागली. चित्राच्या कोपऱ्यात नाव मात्र साहेबांचं पडे. याचा तिला राग येत असे आणि तो ती ब्रश धुताना काढत असे. तिचे ब्रश लवकर झिजत ते उगाच नाही.

तिची आई मैना. तिचं सगळं आयुष्य बांधकामावर विटा वाहण्यात गेलं. छप्पन साली मायलेकी पांढरी लुगडी नेसून नागपूरला गेल्या आणि बौद्ध होऊन परतल्या. त्याच दिवशी मैनाने सांगून टाकलं होतं, "आता माह्या पोरीच्या डोक्यावर ईट चढनार नाही." तसं तिने करूनही दाखवलं. पोरीच्या डोक्यावरची वीट टेबलावर आली, एवढंच.

तर झालं असं, की तेल्हाऱ्याच्या गोदाबाईंनी अकोल्यात मुलींचं वसतिगृह बांधायचं मनावर घेतलं. गोदाबाई म्हणजे मोठ्या काळ्या रानाच्या मालकीण. मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि जीभ अशी की तलाठीसुद्धा वाट बदलून जाई. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांची मोकळी जागा होती. खेड्यापाड्यांतल्या मुली तिथे राहून शिकल्या पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. पाठक साहेबांनी त्यांच्यापुढे नकाशा पसरला तेव्हा त्यांनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि परत दिला.

"बाप्पा! हे तं कोळ्याचं जाळं होय. मले घर दाखवा घर. माह्या डोळ्याले दिसलं म्हणजे मी सही करीन."

म्हणून ते चित्र. सोमवारी दुपारी चार वाजता अकोल्याला, जागेवरच, कमिटी बसणार होती. गोदाबाई चित्र बघणार, सही करणार आणि दुसऱ्या दिवशीपासून देवमन ठेकेदाराचं काम सुरू होणार, असं ठरलं होतं. देवमनने नमुन्याच्या विटा आधीच दाखवल्या होत्या. लालबुंद, कडक, कानाकोपऱ्याने धडधाकट. कमिटीने त्या चिठ्ठी लावून जागेशेजारच्या कचेरीत काचेच्या कपाटात ठेवल्या होत्या.

पंचफुलाने नेहमीप्रमाणे निरोप धाडला, विटा पाठवा. बुधवारी एस.टी.च्या टपावरून गोणपाटात बांधलेल्या चार विटा आल्या. तिने गोणपाट सोडलं आणि पाहतच राहिली. विटा पिवळ्या होत्या. तिने एक वीट दुसरीवर आपटली. पक्की वीट खणकन बोलते; ही भद्द करून गप्प बसली. कोपऱ्याला नख लावलं तर नखात माती आली.

संध्याकाळी तिने एक वीट पिशवीत घालून घरी नेली. मैनाने ती हातात घेतली, जोखली, वास घेतला.

"कोण्या भट्टीतली व हे?"

"अकोल्याच्या होस्टेलची. पोरी राह्यनार हायेत तिथी."

"हे इस्तवाले भेऊन पळालेली ईट होय," मैना म्हणाली. "टाक्यात टाकून पाह्य."

टाकं म्हणजे काय हे पंचफुलाला सांगायची गरज नव्हती. भिंत बांधण्याआधी प्रत्येक वीट पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर कोरडी वीट चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा धरत नाही. त्यासाठी प्रत्येक बांधकामावर आधी टाकं बांधतात. त्या टाक्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून मैनाने दहा वर्षं विटा उपसल्या होत्या. घरात टाकं कुठलं? वीट घंगाळात पडली. मायलेकींनी भाकरी थापल्या, पिठलं केलं, जेवणं उरकली आणि घंगाळात पाहिलं. पाणी पिवळं झालं होतं, विटेचे कोपरे खचून खाली बसले होते आणि मधला भाग फुगून आला होता.

"हे ईट नोय," मैना म्हणाली, "बिस्कुट होय. चहात बुडवून खाय."

पंचफुला हसली खरी, पण लगेच तिला आठवलं, त्या भिंतींच्या आत पोरी झोपणार होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने उरलेल्या विटा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि घंगाळातली हकीकत सांगितली. साहेबांनी आधी टेबलावर पडलेली माती झटकली.

"पंचफुला, तुझ्या हातात रंगाचा डबा आहे, वीटभट्टी नाही. वीट लाल असते. लाल लाव."

"हे पिवळी हाये साहेब."

"मग नमुना चुकून आला असेल. तू रंग चुकवू नकोस."

नेमका त्याच वेळी देवमन ठेकेदार आत आला. पांढरं स्वच्छ धोतर, तोंडात पान, आणि सगळं जग आपल्या ओळखीचं असल्यासारखं हसू. विटा पाहून त्याला फार गंमत वाटली.

"अवं बाई, ह्या तं रंगवाले पाठवल्या होत्या! मी म्हतलं, पोरीले चित्रच काढाचं हाये, त्याच्यासाठी कपाटातल्या कायले काढा? घ्या म्हतलं ढिगातल्या चार अन् टाका गाडीवर."

"कोणच्या ढिगातल्या?" पंचफुलाने विचारलं.

"जागेवरच्या. अन् कोणच्या?" देवमन बोलून गेला आणि मग त्याचं पान तोंडातच थांबलं.

चित्र काढणाऱ्या पोरीला वीट कळत असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. साहेब खिडकीबाहेरचा टांगा पाहू लागले. साहेब वाईट माणूस होते असं नाही. पण जिल्ह्यातली निम्मी कामं त्यांच्याकडे देवमनच्या ओळखीने येत, आणि ज्याच्या ओळखीने कामं येतात त्याच्या विटांकडे माणूस जरा लांबूनच बघतो.

"सोमवारी सकाळी मला लाल इमारत पाहिजे," टांगा निघून गेल्यावर साहेब म्हणाले. "नसेल तर तू यायचं कारण नाही."

पंचफुला आपल्या टेबलाशी गेली. नोकरी गेली तर मायलेकींचं काय, हा विचार तिने केला नाही असं नाही. मग तिने कागद ओला केला, फळीवर ताणून कडेने चिकटवला, तो वाळेपर्यंत थांबली आणि मग ढिगातली एक वीट फोडून खलात घातली. विटेची पूड डिंकाच्या पाण्यात खलून तिने रंग केला. विटेचा रंग पाहिजे ना? हा घ्या, विटेचाच रंग.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत भिंती उभ्या राहिल्या. एक न् एक वीट वेगळी, सांधे वेगळे, वळचणीखाली वऱ्हाडातल्या दुपारची काळीकुट्ट सावली. पंचफुलाने चार पावलं मागे होऊन पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. चित्र देखणं झालं होतं! उन्हातली पिवळी भिंत सोन्यासारखी झळकत होती. गोदाबाई हे पाहतील, खूश होतील आणि मुकाट्याने सही करतील. रंग अगदी खरा लावला होता, आणि त्या खऱ्या रंगानेच विटेचं खोटं झाकून टाकलं होतं. तिला स्वतःचीच चीड आली. इतकी वर्षं आपण वस्तूचं नुसतं तोंड रंगवत आलो, असं तिला वाटलं.

तिने फळीसकट चित्र आणि उरलेल्या विटा उचलल्या आणि ती घरी गेली. शनिवार आणि रविवार तिने घंगाळ समोर ठेवलं. वीट भिजवायची, उन्हात ठेवायची, परत भिजवायची आणि दर वेळी काय होतं ते पाहून कागदावर घ्यायचं. नियम नियमच, वस्तू समोर असल्याशिवाय रंग नाही. कोपरे कसे गळतात, माती कशी ओघळते, वाळल्यावर क्षाराचा पांढरा लोणा कसा फुटतो, सगळं तिने घंगाळातून उचललं आणि भिंतीवर ठेवलं. खालचे तीन थर उंदरांनी खाल्ल्यासारखे झाले. सांध्यांतला चुना गळू लागला. खिडकीवरून तिरपी चीर निघाली, ती थेट छपरापर्यंत. साहेब नेहमी सांगत की इमारत उद्घाटनाच्या दिवशीची काढावी. पंचफुलाने ती दोन पावसाळ्यांनंतरची काढली. अंगणात तिने एक मुलगी उभी केली, पुस्तकं छातीशी धरून वर चिरेकडे पाहणारी. मैना मागून बघत होती.

"नोकरी जाईन तुही," मैना म्हणाली.

"जाऊ दे."

"जाऊ दे," मैनाही म्हणाली आणि घंगाळातलं पाणी बदलून आणलं.

सोमवारी सकाळी पंचफुलाने चित्र साहेबांपुढे ठेवलं. झाकून नाही, पाकिटात घालून नाही, सरळ उघडं. साहेबांचा चेहरा असा लाल झाला, की तो रंग भिंतीला लावता आला असता तर भांडणच मिटलं असतं.

"हे काय आहे?"

"तुमची इमारत होय साहेब. ह्याच विटांची."

"फाड! आत्ताच्या आत्ता फाड. मी त्यांना चित्र झालं नाही म्हणून सांगतो. आणि तू उद्यापासून येऊ नकोस."

"उद्यापासून काहून? आतापासूनच गेली," पंचफुला म्हणाली आणि चित्र फळीसकट काखेत मारलं.

"ती फळी ऑफिसची आहे!" साहेब ओरडले.

"उद्या आणून देते."

तिने स्टँडवर थांबून दुपारची अकोल्याची एस.टी. गाठली. साहेब मोटारीने गेले, ती मांडीवर फळी धरून धक्के खात निघाली. मूर्तिजापूरला शेजारी एक फेटेवाले म्हातारबुवा येऊन बसले. त्यांनी बराच वेळ चित्राकडे पाहिलं.

"कोण्या गावची शाळा व बाई पडली हे? कोणी दबलं तं नाही नं?"

"अजून नाही बाबा," पंचफुला म्हणाली. इतक्या वर्षांत आपल्या चित्राची एवढी पावती तिला कोणी दिली नव्हती.

मोर्णेचा पूल ओलांडून ती जुन्या शहरात जागेवर पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. कडुलिंबाखाली सतरंजी, खुर्च्या आणि कमिटी. मधल्या खुर्चीत गोदाबाई, हिरव्या काठाचं लुगडं, हातात काठी. बाजूला विटांचा ढीग, त्यावर अगदी व्यवस्थित ताडपत्री. साहेब सांगत होते की चित्र काही कारणाने राहून गेलं. देवमन मान हलवत होता. पंचफुला सरळ मधून चालत गेली आणि फळी गोदाबाईंच्या पायांपाशी उभी केली.

गोदाबाईंनी पाहिलं. वाकून पाहिलं. मग काठीचं टोक खालच्या थरांवर टेकवलं, चिरेवरून वर नेलं आणि मुलीवर थांबवलं.

"हे कोणी पाडलं?"

"अजून बांधलंच नाही बाई. बांधलं का दोन पावसाळ्यांत असं दिसन."

एकदम गलका झाला. देवमनचा आवाज सगळ्यांच्या वर. "कामावरून काढलेली पोट्टी हाये हे! रागापायी फोकनाड मारून राह्यली! तुमी ईटा पाह्यल्या नं बाई? कपाटात ठेवल्या नं?" कोणीतरी कपाटातल्या विटा आणल्या. लाल, खणखणीत. गोदाबाईंनी त्या पाहिल्या, मग चित्र पाहिलं.

"पोरी, खरी ईट कोणची?"

"दोन्ही खऱ्या हायेत. ह्या कपाटातल्या, अन् माह्या चित्रातल्या त्या ढिगातल्या," पंचफुला म्हणाली. "मले ढिगातल्या ईटा देल्या, मी ढिगातल्या रंगवल्या. मले एकच सांगा. उद्या काम सुरू होनार, मंग ईटा भिजवाचं टाकं कुठी हाये?"

सगळ्यांच्या माना फिरल्या. चुन्याची घाणी होती, वाळू होती, लाकूड होतं. टाकं नव्हतं. गोदाबाईंनी उभ्या आयुष्यात नकाशा वाचला नसेल, पण वाड्यावर गोठा, कोठार आणि विहीर बांधून घेतली होती. टाक्याशिवाय बांधकाम त्यांनी पाहिलं नव्हतं.

"देवमन, टाकं काहून नाही?"

"बांधतो नं बाई. दोन दिवसांत बांधतो."

"बादली आणा," गोदाबाई म्हणाल्या. "अन् चहा ठेवा."

ताडपत्री उचलून ढिगातली एक वीट आणली आणि बादलीत सोडली. चहा आला. कमिटीने तो असा प्यायला, जणू कोणाच्या तेराव्याला बसलेत. कोणी बादलीकडे पाहत नव्हतं आणि सगळे पाहत होते. पाण्यात आधी बुडबुडे आले, मग पिवळा ढग पसरला. दुसरा चहा संपता संपता गोदाबाईंनी काठी बादलीत घातली. काठी विटेत रुतली.

त्यांनी काठी बाहेर काढून झटकली. मग पाठक साहेबांकडे वळल्या.

"साहेब, तुमच्या नकाशात हे काहून नाही दिसलं?"

"नकाशात फक्त रेघा असतात बाई," साहेब पुटपुटले. मग सावरून म्हणाले, "म्हणून तर आम्ही चित्र करून घेतो. आमच्याच ऑफिसची मुलगी आहे ही."

"सकाळपर्यंत होती," पंचफुला म्हणाली. "फळी तेवढी तुमची हाये."

तिने पिशवीतून ब्लेड काढलं, कडेने कागद कापून सोडवला आणि मोकळी फळी साहेबांच्या हातात दिली. उद्या द्यायची ती आजच दिली, तेवढीच अमरावतीची खेप वाचली. कमिटीतला एक जण मोठ्याने हसला आणि मग खोकल्याचं निमित्त करून थांबला.

देवमनचा ढीग दुसऱ्याच दिवशी गाड्यांवर चढून गेला आणि त्याच्यामागे देवमनही. पण गोष्ट इथे संपली नाही, कारण गोदाबाई गोदाबाई होत्या. त्याच कडुलिंबाखाली त्यांनी हुकूम सोडला. "आता मले चांगलं चित्र काढून दे. लाल, पक्क्या ईटाचं. आठ दिवसांत पाहिजे."

"ईट आणा, मंग काढते."

"म्हणजे?"

"ईट समोर पाहिजे. मी पाह्यल्याशिवाय नाही रंगवत."

तेल्हाऱ्यात गोदाबाईंना नाही म्हणणारं माणूस उरलेलं नव्हतं. काठी जमिनीवर जोरात आपटली. पंचफुला हललीही नाही; एका दिवसात दोनदा नोकरी जाऊ शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गोदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "कोण्याबी भट्टीतून येवो, तुह्या हाताखालून गेल्याबिगर एक ईट भिंतीत जानार नाही. इथंच राह्यजो."

आणि ती राहिली. मैनालाही बोलावून घेतलं. नव्या ठेकेदाराने सगळ्यात आधी टाकं बांधलं. दीड वर्ष मायलेकींनी एक न् एक गाडी तपासली. मैना दोन विटा एकमेकींवर आपटायची, कान लावायची आणि वीट पक्की असेल तर मान डोलवायची, नाहीतर नुसती हलवायची. भट्टीवाल्यांना त्या मानेची धडकी भरू लागली. आठ दिवसांत मागितलेलं चित्र या कामात राहूनच गेलं; इमारत पुरी होत आली तेव्हा पंचफुलाने ते रंगवायला घेतलं. तीन आठवडे घेतले. लाल भिंती, सरळ सांधे, काळ्या दगडाचा पाया, आणि अंगणात तीच मुलगी. आता ती वर बघत नव्हती, आत जात होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिने ते गोदाबाईंपुढे धरलं.

गोदाबाईंनी चित्राकडे पाहिलं, मग वर इमारतीकडे पाहिलं, आणि चित्र परत दिलं.

"हे उभं हाये नं समोर. याचं चित्र कायले पाहिजे? ते पडकं आण."

पंचफुलाला असा राग आला की विचारू नका. तीन आठवड्यांचं काम! पण पडकं चित्र ती घेऊन आली. गोदाबाईंनी ते काच लावून दारासमोरच्या भिंतीवर टांगायला लावलं. जो कोणी ठेकेदार, सेक्रेटरी किंवा साहेब आत येईल, त्याने आधी तेच बघावं म्हणून. टांगताना त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. तिथे नाव नव्हतं. पाठक साहेबांनी त्या चित्राला हात लावायचीही हिंमत केली नव्हती.

"उतरवा," त्या म्हणाल्या. "हिले पयले नाव टाकू द्या."

पंचफुलाने काच काढून आपलं नाव लिहिलं, पूर्ण, ठळक, त्या पिवळ्या विटेच्याच रंगात. लाल चित्र मैना घरी घेऊन गेली. भिंतीला लावण्याआधी तिने चित्रातल्या भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकून पाहिलं, कान लावला आणि मान डोलवली.